इस्रोची जुनी माणसं ऐकायला जाताना

केरळात थुंब्याच्या किनाऱ्यावरून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिलं रॉकेट उडालं. त्या संध्याकाळी तिथे धावपळ करणारा बावीस वर्षांचा तरुण आज पंच्याऐंशीच्या घरात आहे. कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ चिटणीस थुंब्याची जागा हेरणाऱ्यांपैकी एक होते. वयाची शंभरी पूर्ण करून ते ऑक्टोबर २०२५ मध्ये पुण्यात गेले. रॉकेटच्या घन इंधनात आयुष्य घातलेले वसंत गोवारीकर २०१५ च्या जानेवारीत गेले, त्याच वर्षी जुलैत कलाम गेले, २०१७ मध्ये यू. आर. राव आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये कस्तुरीरंगन. पहिल्या फळीतली माणसं आता बोटांवर मोजावी लागतात. दुसऱ्या फळीतली, म्हणजे आर्यभट, ॲपल, इन्सॅट या उपग्रहांच्या काळात नोकरीला लागलेली, सत्तरी-पंच्याहत्तरीत आहेत. ती अजून हिंडतात, बोलतात, शाळा-कॉलेजांत बोलावलं तर आनंदाने येतात.

म्हणून सुरतच्या उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या पट्ट्यातल्या आपल्या मराठी कुटुंबांना माझं आग्रहाचं सांगणं आहे की असं व्याख्यान सुरतमध्ये किंवा अहमदाबादला असल्याचं कानावर आलं तर जा. मुलांना घेऊन जा, आणि तयारीने जा. वक्ते व्यासपीठावरून जे सांगतात त्यातलं बरंचसं पुस्तकांत आणि इंटरनेटवर मिळतं. त्यांनी स्वतःच्या हाताने काय केलं, कुठे अडले, कोणत्या रात्री कोणता भाग उघडून पुन्हा बसवला, हे मात्र बहुतेक वेळा कुठेच लिहिलेलं नसतं. ते विचारल्याशिवाय बाहेर येत नाही, आणि ते विचारण्याची पात्रता आपल्या भागातल्या माणसांकडे भरपूर आहे. कशी, ते पुढे सांगते.

आधी व्याख्यान असल्याचं कळणार कसं? सुरतमध्ये इस्रोचं केंद्र नाही. जवळचं मोठं केंद्र अहमदाबादचं स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटर, ज्याला सगळे सॅक म्हणतात. कार्यक्रम वर्षभर होत असले तरी काही दिवस लक्षात ठेवण्यासारखे आहेत. १२ ऑगस्टला विक्रम साराभाईंची जयंती असते. २३ ऑगस्ट हा राष्ट्रीय अंतराळ दिन, कारण २०२३ मध्ये त्याच दिवशी चांद्रयान-३ उतरलं. ४ ते १० ऑक्टोबर हा जागतिक अंतराळ सप्ताह आणि २८ फेब्रुवारी हा विज्ञान दिन. या तारखांच्या आधी पंधरा दिवस सिटीलाइट रोडवरचं महापालिकेचं सायन्स सेंटर, उधना-मगदल्ला रोडवरचं वीर नर्मद विद्यापीठ आणि इच्छानाथजवळचं एसव्हीएनआयटी यांच्या सूचनांवर लक्ष ठेवा. अडचण अशी की या सूचना गुजराती किंवा इंग्रजीत निघतात, कॉलेजांच्या ग्रुपवर फिरतात आणि आपल्या गल्लीपर्यंत पोहोचतच नाहीत. यावर सोपा उपाय म्हणजे मुलाच्या विज्ञानाच्या सरांना किंवा बाईंना आधीच सांगून ठेवणं. महापालिकेच्या मराठी शाळांतल्या शिक्षकांकडे अशी पत्रकं येतात. पालकांनी विचारलं तर ते आवर्जून कळवतात. सॅकची ‘स्पेस ऑन व्हील्स’ नावाची फिरती प्रदर्शन-बसही आहे. ती शाळेत यावी म्हणून शाळेने सॅकला पत्र लिहायचं असतं. एखाद्या पालकाने पाठपुरावा केला तर शाळा पत्र लिहितात.

आता सुरतकरांनी विशेष लक्षात ठेवावी अशी गोष्ट. चांद्रयान-३ उतरल्यानंतर लगेच, ऑगस्ट २०२३ मध्ये, आपल्याच शहरातल्या एका माणसाने ‘मी इस्रोचा शास्त्रज्ञ, लँडरच्या रचनेत माझा हात आहे’ असं सांगत पत्रकारांना मुलाखती दिल्या. पोलिसांनी चौकशी केली तेव्हा त्याने दाखवलेलं नियुक्तिपत्र बनावट निघालं आणि त्याला अटक झाली. तोवर बातम्या सगळीकडे पोहोचल्या होत्या. मुलांना कोणासमोर बसवायचं हे म्हणूनच आधी पाहून घ्यावं. खऱ्या माणसाची ओळख करून देताना तीन गोष्टी सहज सांगितल्या जातात: कोणतं केंद्र, कोणती वर्षं, कोणतं काम. ‘इस्रोचे वरिष्ठ वैज्ञानिक’ एवढंच पत्रकावर असेल तर आयोजकांना फोन करून या तीन गोष्टी विचारा. थोडं गणितही करा. इस्रोतून साठाव्या वर्षी निवृत्ती होते. २०१० मध्ये निवृत्त झालेला माणूस चांद्रयान-३ च्या कामावर नोकरीत असू शकत नाही. मात्र चांद्रयान-१ वर तो नक्की असू शकतो, आणि ते काही कमी नाही. खऱ्या माणसांची आणखी एक खूण म्हणजे ती ‘आम्ही’ म्हणतात. एकट्याने अख्खं यान बनवल्याचं सांगणारा माणूस भेटला तर सावध व्हा, कारण त्या कामात एका डब्यावरसुद्धा कित्येकांचे हात लागलेले असतात.

वक्त्याचं केंद्र कळलं की अर्धी तयारी झाली. तिरुवनंतपुरमचं विक्रम साराभाई केंद्र रॉकेट बनवतं. उपग्रह बंगळुरूला जोडले जातात. अहमदाबादचं सॅक उपग्रहावर बसणारे कॅमेरे, रडार आणि दळणवळणाची उपकरणं बनवतं. उड्डाण श्रीहरिकोट्याहून होतं. रॉकेटवाल्याला कॅमेऱ्याचा प्रश्न विचारला तर तो सभ्यपणे वरवरचं उत्तर देईल. त्याचं आयुष्य ज्यात गेलं ते तसंच आत राहील. आपल्या भागात येणारे वक्ते बहुधा सॅकचे असतात. मंगळयानावर पाच उपकरणं होती, त्यातली तीन सॅकची: रंगीत कॅमेरा, मिथेन शोधणारं यंत्र आणि उष्णता टिपणारा कॅमेरा. चांद्रयान-३ उतरताना खाली खड्डा आहे की दगड हे पाहणारे कॅमेरेही सॅकमध्येच बनले. त्या कामावरचं कोणी समोर आलं तर असं विचारावं: २०१९ मध्ये चांद्रयान-२ साठी उतरण्याची जागा पाचशे मीटर लांब-रुंद एवढीच ठरवली होती, २०२३ मध्ये ती चार किलोमीटर बाय अडीच किलोमीटरच्या आसपास केली, तर जागा वाढवल्यामुळे तुमच्या कॅमेऱ्याच्या कामात नेमका काय फरक पडला? असा प्रश्न आला की वक्ता खुर्चीत पुढे सरकून बसतो.

आपल्याकडे काय आहे, ते आता सांगते.

भारताच्या अंतराळ कार्यक्रमाची सुरुवात ज्यांनी केली ते विक्रम साराभाई अहमदाबादच्या कॅलिको मिलच्या घरातले. १९४७ मध्ये त्यांनी अहमदाबादेत भौतिकी संशोधनाची संस्था, पीआरएल, सुरू केली आणि त्याच सुमारास कापडगिरण्यांसाठी अटिरा ही संशोधन संस्था उभी करायला घेतली. अटिरात सूत, कापड, रंग यांच्या चाचण्या होत. गिरणीत पिढ्यान् पिढ्या अंदाजाने चालणारं काम मोजमापाने करावं, हा त्यामागचा विचार होता. कापडधंद्याचा अनुभव नसलेली तरुण मुलं साराभाईंनी तिथे मुद्दाम घेतली आणि त्यांना शिकू दिलं. पुढे थुंब्यालाही त्यांनी हेच केलं: रॉकेट कधी न पाहिलेली पंचविशीतली मुलं गोळा केली, काहींना शिकायला अमेरिकेला पाठवलं. त्या मुलांत पुण्यात जन्मलेले आणि बडोद्यात शिकलेले प्रमोद काळे होते. पुढे ते सॅकचे आणि नंतर तिरुवनंतपुरमच्या केंद्राचे संचालक झाले. अटिरा आणि पीआरएल या दोन्हींच्या इमारती कोकणातल्या आचऱ्यात जन्मलेल्या अच्युत कानविंद्यांनी रचल्या, हेही मराठी माणसाला माहीत असावं. तेव्हा ‘आपण कापडातली माणसं, आपल्याला रॉकेटमधलं काय कळणार’ असं उधन्यात कोणी म्हणालं तर त्याला हा इतिहास सांगा.

इतिहासाचं सोडा, आजच्या कामात पाहू. पीएसएलव्ही रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचं कवच केव्हलार नावाच्या धाग्याचं असतं. धागा साच्यावर ठरलेल्या कोनात गुंडाळतात आणि राळेने घट्ट करतात. पूर्ण गुंडाळणीत धाग्याचा ताण सारखा राहावा लागतो. ताण म्हणजे काय, तो सैल पडला तर काय होतं, एक तार तुटली तर पुढे कापडात काय दिसतं, हे लूमखात्यात बीमवर काम केलेल्या माणसाला कोणी शिकवायला नको. त्याने उठून विचारावं: ‘गुंडाळताना मध्येच धागा तुटला तर तुम्ही गाठ मारता, की सगळं पहिल्यापासून?’ तिरुवनंतपुरमच्या निवृत्त अभियंत्याला या प्रश्नाइतका दुसरा कोणताही प्रश्न सुखावणार नाही. एखाद्या प्राध्यापकालाही तो सुचेलच असं नाही.

किंवा उपग्रहावरचं ते सोनेरी आवरण घ्या. फोटोत ते सोन्याच्या पत्र्यासारखं दिसतं आणि मुलं विचारतात, इतकं सोनं? ते सोनं नसतं. कॅप्टॉन नावाच्या पिवळसर फिल्मवर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. अशा फिल्मचे कित्येक थर एकावर एक ठेवतात, थर एकमेकांना चिकटून उष्णता पुढे जाऊ नये म्हणून मध्ये पॉलिस्टरची बारीक जाळी घालतात आणि हे सगळं कापून, बेतून, शिवून उपग्रहाला नेसवतात. सुरतची आजची स्वस्त जरी कशी बनते? पॉलिस्टरच्या फिल्मवर धातूचा थर देऊन तिच्या बारीक पट्ट्या कापून. जरीच्या कारखान्यात पट्टी कापणाऱ्या माणसाला आणि घरी बसून साड्यांवर टिकल्या लावणाऱ्या बाईला या आवरणाबद्दल विचारण्यासारखं खूप काही आहे: शिवण कुठे घालता, सुई जिथून जाते तिथून उष्णता जात नाही का, कोपऱ्यावर चुण्या पडल्या तर काय करता? हे प्रश्न बारीक आहेत आणि खरे आहेत. अशा कामावर आयुष्य घालवलेल्यांना सभागृहात सहसा कोणी विचारतच नाही. चांद्रयान-३ च्या वेळी सुरतच्या एका कारखान्यात बनलेले सिरॅमिकचे भाग त्यात वापरल्याची बातमीही आली होती. आपल्या शहराचा त्या कामाशी संबंध आहेच.

सुरतच्या माणसाकडे आणखी एक प्रश्न आहे, आणि तो विचारायचा त्याचा हक्क आहे. ऑगस्ट २००६ चा तापीचा पूर ज्यांनी पाहिला त्यांना आठवत असेल, उकाई धरणातून पाणी सुटलं आणि अर्ध्याहून अधिक शहर पाण्यात गेलं. त्या दिवसांत आकाश ढगांनी भरलेलं होतं. साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला ढगांच्या पलीकडचं दिसत नाही. रडारला दिसतं, कारण त्याच्या लहरी ढगातून पार जातात आणि जमिनीवरून परत येतात. २००६ मध्ये भारताकडे स्वतःचा रडार-उपग्रह नव्हता. सॅकने बनवलेलं रडार घेऊन रिसॅट-१ हा उपग्रह एप्रिल २०१२ मध्ये उडाला. सॅकचे कोणी ज्येष्ठ आले तर त्यांना विचारा की २००६ च्या पुरात तुमच्याकडे काय चित्रं होती, ती कुठून मिळाली, आणि तसाच पूर आज आला तर कलेक्टरच्या टेबलावर किती तासांत काय पोहोचेल? हे विचारायला विज्ञानाची पदवी लागत नाही. ज्याच्या घरात पाणी शिरलं त्याने विचारावं.

प्रश्न कसा विचारावा, यावर थोडं. एकच विचारा आणि आधी कागदावर लिहून न्या. माईक हातात आला की भल्याभल्यांची जीभ अडखळते किंवा भाषण सुरू होतं. सभागृहात लोक प्रश्न विचारण्याच्या नावाखाली पाच मिनिटं स्वतःचं मत सांगतात, आणि ऐंशी वर्षांचा माणूस समोर उभा राहून ऐकत असतो. हे मला फार वाईट वाटतं. ‘तुमची प्रेरणा कोण’, ‘तरुणांना काय संदेश द्याल’ हे प्रश्नही टाळावेत. त्यांची उत्तरं त्यांनी शेकडो वेळा दिलेली असतात. त्यापेक्षा एक दिवस, एक भाग किंवा एक बिघाड विचारा. पहिल्या उड्डाणाच्याच वेळी थुंब्याला रॉकेट लाँचरवर चढवताना क्रेनच्या हायड्रॉलिकमध्ये गळती झाली. दुरुस्तीला वेळ नव्हता, म्हणून सगळ्यांनी मिळून ते हातांच्या जोरावर बसवलं. कलामांनी आत्मचरित्रात लिहिल्यामुळे हे आपल्याला कळलं. असे प्रसंग प्रत्येकाकडे आहेत. पण सगळ्यांनी आत्मचरित्रं लिहिलेली नाहीत.

अपयशाबद्दल विचारायला लोक कचरतात. कचरू नका, फक्त दोष देण्याच्या सुरात विचारू नका. एसएलव्ही-३ चं पहिलं उड्डाण १० ऑगस्ट १९७९ रोजी फसलं. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतली एक झडप गळली आणि रॉकेट बंगालच्या उपसागरात पडलं. पत्रकारांसमोर अध्यक्ष सतीश धवन स्वतः उभे राहिले. पुढच्या वर्षी १८ जुलैला उड्डाण यशस्वी झालं तेव्हा त्यांनी कलामांना पुढे केलं. ही गोष्ट सगळे सांगतात. तुम्ही त्याच्या पुढचं विचारा: दोन्ही उड्डाणांच्या मधल्या अकरा महिन्यांत झडपांची तपासणी कशी बदलली? ती कोण करायचं? त्या माणसाचं नाव काय?

एका जुन्या फोटोविषयीही इथेच सांगते, कारण तो व्याख्यानात हमखास दाखवतात. ॲपल उपग्रह बैलगाडीवर ठेवलेला आहे. पाहणारे म्हणतात, बघा किती गरिबी होती. खरं कारण वेगळं आहे. अँटेनाची चाचणी उघड्यावर घ्यायची होती आणि आसपास धातू नको होता. ट्रक म्हणजे सगळा धातूच, म्हणून लाकडी गाडी आणली. तो उपग्रह जून १९८१ मध्ये युरोपच्या एरियन रॉकेटवरून गेला आणि त्याने उत्तम काम केलं. तो फोटो दिसला की मुलाच्या कानात हे सांगा. वक्त्याला विचारायचंच असेल तर गाडीवान कोण होता ते विचारा.

एक प्रश्न मात्र सभागृहात विचारू नका. त्याचं उत्तर इथेच घ्या. ‘इस्रोत जायचं तर काय करावं?’ प्रश्नोत्तरांचा अर्धा वेळ यातच जातो. बारावीनंतर तिरुवनंतपुरमला अंतराळ विभागाचं स्वतःचं कॉलेज आहे, आयआयएसटी. २००७ पासून ते चालू आहे आणि तिथला बीटेकचा प्रवेश जेईई ॲडव्हान्स्डच्या गुणांवर होतो. इतर कॉलेजांतून इंजिनिअर झालेल्यांसाठी इस्रो स्वतःची भरती परीक्षा घेतं. उधन्या-पांडेसऱ्यातल्या घरांनी सर्वांत जास्त ज्याकडे पाहायला हवं ते हे: सॅकसह इस्रोच्या केंद्रांत तंत्रज्ञांचीही भरती होते, आणि त्यासाठी दहावी आणि आयटीआय पुरतं. फिटर, मशिनिस्ट, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन अशा ट्रेडची मुलं तिथे लागतात. डिप्लोमावाल्यांसाठी वेगळ्या जागा असतात. जाहिराती सॅकच्या आणि इस्रोच्या संकेतस्थळावर येतात. नववीतल्या मुलांसाठी इस्रोचा युविका हा दोन आठवड्यांचा निवासी कार्यक्रम २०१९ पासून आहे. ग्रामीण भागातल्या मुलांना त्यात प्राधान्य मिळतं. गावाकडे, शिंदखेडा-अमळनेर-नवापूरच्या बाजूला, भावाची किंवा बहिणीची मुलं नववीत असतील तर त्यांनाही हे कळवा.

भाषेची भीती बाळगू नका. सॅकची माणसं गुजराती आणि हिंदी सहज बोलतात, काही जण मराठीही. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाला इंग्रजी व्याख्यानात सगळं कळेलच असं नाही, पण हिंदीतून प्रश्न विचारायला काहीच हरकत नाही, आणि वक्ता उत्तर हिंदीतच देतो. निघण्याआधी मुलाला चार-पाच शब्द समजावून ठेवा: पेलोड, ऑर्बिट, टेलिमेट्री, व्हायब्रेशन टेस्ट, थर्मो-व्हॅक. शेवटच्या दोन म्हणजे उड्डाणात बसणारे हादरे आणि अंतराळातली निर्वात थंडी-गरमी जमिनीवरच देऊन पाहायच्या चाचण्या. एवढं माहीत असलं की व्याख्यान अंगावर येत नाही. आठ-नऊ वर्षांखालच्या मुलांना शक्यतो नेऊ नका. त्यांच्यासाठी सायन्स सेंटरचं तारांगण आधी.

बसायचं पुढच्या ओळींत. वयस्कर वक्त्यांचा आवाज बारीक असतो, माईक तोंडापासून लांब जातो, आणि मागे बसलेल्यांना फक्त पडदा दिसतो. बारा तासांच्या पाळीवरून थेट येणार असाल तर काहीतरी खाऊन या. उपाशी पोटी दीड तास लक्ष लागत नाही. वही आणि पेन न्या. पडद्यावर जुना फोटो आला की त्यातली नावं विचारा, विशेषतः मागच्या रांगेत उभ्या असलेल्यांची. मधल्या माणसाचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं.

मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचं असेल तर आधी आयोजकांची आणि वक्त्याची परवानगी घ्या. ही माणसं आयुष्यभर गोपनीयतेचे नियम पाळत आली आहेत. ‘हे लिहून घेऊ नका’ असं ते म्हणाले तर पेन खाली ठेवा, आणि संरक्षणाशी जोडलेल्या गोष्टी खोदून विचारू नका. व्याख्यान संपलं की सेल्फीसाठी झुंबड उडते आणि तासभर उभा असलेला माणूस आणखी अर्धा तास उभा राहतो. जयंत नारळीकरांकडे मुलं सही मागायला गेली की ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही येईल. ही रीत उचलण्यासारखी आहे. मुलाच्या हातात एक पोस्टकार्ड द्या, त्यावर त्याचा प्रश्न आणि घरचा पत्ता लिहा, आणि ते वक्त्याच्या हातात द्या.

अहमदाबादला जायचं ठरलं तर एका दिवसात जाऊन येता येतं. सुरतहून साधारण सव्वादोनशे किलोमीटर, गाडीवर अवलंबून तीन-चार तास. सगळ्या गाड्या उधन्याला थांबत नाहीत, म्हणून तिकीट काढताना उधना जंक्शन की सुरत ते नीट पाहा. जोधपूर टेकऱ्यावर सॅकच्या आवारात विक्रम साराभाई अंतराळ प्रदर्शन आहे. जाण्यापूर्वी वेळ आणि प्रवेशाचे नियम पाहून घ्या, फोटो असलेलं ओळखपत्र सोबत ठेवा, मुलांचंही. तिथे उभे असाल तेव्हा मुलांना सांगा की १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर सहा राज्यांतल्या सुमारे चोवीसशे खेड्यांत उपग्रहावरून टीव्ही दाखवण्याचा जो साइट नावाचा प्रयोग झाला, तो याच केंद्राने पार पाडला, आणि त्याचे कार्यक्रम-व्यवस्थापक होते आपले चिटणीस. खेड्यातल्या त्या टीव्हीसाठी दहा फुटी अँटेना लागत. त्या कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या तारेच्या जाळीच्या केल्या होत्या. साइटवर काम केलेलं कोणी भेटलं तर जाळी कोणी कापली, खेड्यात सेट बिघडला की कोण किती तासांत पोहोचायचं, हे विचारा. गुजरातेत खेडा जिल्ह्यात पीजच्या केंद्रावरून त्याच काळात गावकऱ्यांसाठी कार्यक्रम होत. ते ज्यांनी केले तेही याच शहरात राहिले.

शेवटी आपल्या मंडळांसाठी. उधना-लिंबायतमध्ये गणपतीत आणि शिवजयंतीला आपण लाखोंचा खर्च करतो. पुण्यात १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला अजून चालते. आपल्या मंडळाने वर्षातून एक व्याख्यान ठेवलं तर काय बिघडेल? शास्त्रज्ञ मिळाले तर उत्तमच. पण निवृत्त तंत्रज्ञ, ड्राफ्ट्समन, क्रेन चालवणारे यांनाही बोलवा. त्यांना कोणी बोलवत नाही आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखं सर्वांत जास्त असतं. येण्या-जाण्याची सोय आणि मानधन आधी ठरवा, घ्यायला स्टेशनवर माणूस पाठवा, व्यासपीठावर हात टेकता येईल अशी खुर्ची ठेवा. सत्कार एकच, शाल-श्रीफळाचा. नगरसेवकांची भाषणं त्या दिवशी नकोत. चाळीस मिनिटं व्याख्यान आणि तितकाच वेळ प्रश्नांना ठेवा. आठवडाभर आधी गल्लीगल्लीतून चिठ्ठ्यांवर प्रश्न गोळा करा, लूमवाल्यांचे, डाइंग मिलमधल्यांचे, घरी टिकली लावणाऱ्या बायकांचे, शाळेतल्या मुलांचे. अहिराणीत आलेले प्रश्न तसेच ठेवून शेजारी हिंदीत लिहा. निवडक पंधरा-वीस प्रश्न वक्त्याला चार दिवस आधी पाठवून द्या, म्हणजे घरातल्या कपाटातल्या जुन्या वह्या आणि फोटो शोधायला त्यांना वेळ मिळेल.